झाकणावरचं नाव

१. दुसऱ्यांदा

सुरभी वाबळेच्या लघवीत दुसऱ्यांदा साखर सापडली, ती बातमी आली तेव्हा गोपीनाथराव पोह्यांवर शेव भुरभुरवत होते. बातमी खुद्द सुरभीच घेऊन आली. तिने दोन कागद टेबलावर आपटले आणि रडायचं नाही असं ठरवून आलेल्या माणसासारखी खुर्चीत ताठ बसली.

"काका, मला काही झालेलं नाही. हे कोणीतरी करून राहिलंय."

गोपीनाथरावांना सारं लोकमान्य नगर काकाच म्हणे, सत्तरी उलटली तरी. कुणाचं पार्सल कुठे गेलं, सोसायटीच्या टाकीचा कॉक कोण उघडा ठेवतं, असले गुंते त्यांनी आजवर सोडवले होते. पण असला गुंता त्यांच्या दारी पहिल्यांदाच येत होता.

"आधी खा," इंदिराबाईंनी तिच्यापुढे बशी ठेवली. "जिलबी देऊ?"

"काकू, जिलबी पंधरा दिवसांपासून बंद आहे. आईने घरात गूळसुद्धा कुलपात ठेवलाय."

इंदूरच्या पोरीची सकाळची जिलबी बंद होणं म्हणजे काय, हे ज्याचं त्याला ठाऊक. इंदिराबाईंनी चक्‌ केलं आणि जिलबीची बशी नवऱ्याकडे सरकवली.

प्रकरण असं होतं. सुरभीला पायलट व्हायचं होतं. दोन वर्षं ट्यूशन घेऊन आणि वडिलांच्या भविष्यनिर्वाह निधीला हात लावून तिने फ्लाइंग स्कूलमध्ये जागा मिळवली होती. बॅच सोमवारी सुरू होणार होती. पण विमानाच्या पायरीवर पाय ठेवण्याआधी सरकारमान्य डॉक्टरचं मेडिकल सर्टिफिकेट लागतं. डोळे, कान, हृदय, छातीचा फोटो, सगळं फर्स्ट क्लास. अडलं ते सकाळच्या पहिल्या लघवीपाशी.

"पहिल्यांदा एक प्लस साखर. आठ दिवसांनी परत, तर तीन प्लस. आणि रक्तात? दोन्ही वेळा एकदम नॉर्मल! तीन महिन्यांची सरासरीसुद्धा. डॉक्टर अर्पितजी म्हणाले, असं सहसा होत नाही. शनिवारी माझ्यासमोर सॅम्पल द्या म्हणाले."

"मग दे की. साखर नसली तर प्रश्न मिटला."

"नाही ना मिटत! आधीचे दोन रिपोर्ट फायलीत आहेत. ते का आले याचं कारण मिळालं नाही, तर कागद वरच्या तपासणीला जाणार. तीन महिने. बॅच गेली, जागा गेली." तिने दोन्ही कागद पुढे सरकवले. "आणि शनिवारी साखर नाही निघाली, तर त्याचा मतलब काय, काका? एक तर मी आजारी आहे, नाही तर आमच्या घरात कोणीतरी खोटं आहे."

आज गुरुवार होता. गोपीनाथरावांनी हातातली जिलबी तशीच बशीत ठेवली.

२. कोरं झाकण

गोपीनाथरावांचं नाक मिलने खाल्लं होतं. इंदूरच्या एका कापडगिरणीच्या ब्लीचिंग खात्यात, गिरणी बंद पडेपर्यंत त्यांनी पंचवीस वर्षं काढली. क्लोरीनच्या वाफांनी हळूहळू सगळा वास नेला. हिंगाची फोडणी कळेना, मोगरा कळेना. इंदिराबाई म्हणत, "एक परीने बरंच झालं, दूध करपलं तरी बोलणी बसत नाहीत." पण नाक गेल्याची भरपाई त्यांनी डोळ्यांनी केली होती. कापडावरचा डाग बघून तो कुठल्या हौदावर पडला हे ते सांगत, आणि ही खोड अजून गेली नव्हती.

डॉक्टरांच्या क्लिनिकमधल्या लॅबची टेक्निशियन रुची त्यांना ओळखत नव्हती, पण सुरभीचं नाव काढताच तिने हातातलं काम ठेवलं.

"अंकलजी, मी स्वतः तपासलं. पट्टी बुडवली, रंग बदलला. पहिल्यांदा फिकट हिरवा, दुसऱ्यांदा डार्क तपकिरी. माझी गलती नाही."

"गलती कोण म्हणतंय? डबीबद्दल सांगा."

लॅब आदल्या संध्याकाळी रिकामी डबी घरी देत असे. सकाळची पहिली लघवी त्यात भरून सातच्या आत पोचवायची. नाव रुचीच लिहायची, पांढऱ्या झाकणावर निळ्या पेनने.

"आणि सकाळी ती परत आली तेव्हा?"

रुची थोडी अडखळली. "एक गोष्ट आहे. तेव्हा मी ध्यान नाही दिलं. झाकण कोरं होतं. मी परत नाव लिहिलं. दुसऱ्यांदाही तसंच, एकदम कोरं. निळ्याचा ठिपकासुद्धा नाही."

"डबी कोण आणतं?"

"त्यांचे भाऊ. सांवेर रोडच्या फॅक्टरीत जाता जाता देऊन जातात."

मागे उभी असलेली सुरभी पांढरीफटक पडली. "म्हणजे डबी बदलली," ती म्हणाली. "काका, मी दिलेली डबी इथे आलीच नाही. आणि आमच्या घरात शुगर फक्त आजोबांना आहे."

३. वाबळ्यांच्या घरी

वाबळ्यांच्या घरात शिरताना चपला बाहेर, पाय नळाखाली, मग पायपुसणं, मग दुसरं पायपुसणं. मंजिरी, म्हणजे सुरभीची आई, कॉलनीच्या स्वच्छता मंडळाची प्रमुख होती. कचऱ्याची गाडी गाणं वाजवत यायच्या आधीच तिचे ओला, सुका, प्लास्टिक असे डबे ओळीत हजर असत. शहराला स्वच्छतेत पहिला नंबर मिळतो त्यात आपला वाटा आहे असं ती मानत असे, आणि तो होताही. तिने गोपीनाथरावांना पाणी दिलं, पण त्याआधी धुतलेला ग्लास पुन्हा दोनदा धुतला.

"काका, काहीही करा पण शोधा," ती म्हणाली. "मी डोळ्यात तेल घालून सगळं बघते. पोरीचं पाणी वेगळं, ताट वेगळं. डबीसुद्धा मी रात्री स्वतः काढून ठेवते, कोणी हात लावू नये म्हणून. पहिला रिपोर्ट आल्यावर तर मी दुप्पट काळजी घेतली. तरी हे असं!"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मुलगी उडावी म्हणून सगळ्यात जास्त कोण झटत असेल तर ती हीच, याबद्दल गोपीनाथरावांना शंका नव्हती.

सुरभीचे वडील महूच्या शाळेत शिकवायला पहाटेच्या गाडीने जात, त्यामुळे सकाळच्या भानगडीत ते नव्हतेच. उरले आजोबा आणि भाऊ.

आजोबा जयसिंगराव बैठकीत मिशीला पीळ देत बसले होते. पूर्वज होळकरांच्या घोडदळात होते, आणि ते कालपरवापर्यंत होते अशा थाटात जयसिंगराव बोलत.

"साफ सांगतो गोपीनाथराव, मला हे पसंत नाही. माणसाचा पाय रिकिबीच्या वर जाऊ नये. पण विरोध करायचा तर मी तोंडावर करीन. डबीत कसला विरोध करायचा? छे!"

"तुमची शुगर कशी आहे?"

"गोळ्या चालू आहेत. मागच्या महिन्यात तपासली." त्यांनी उशीखालून कागद काढला. गोपीनाथरावांनी तो नीट वाचला आणि परत दिला. "शुगर सोडा हो. हे बघा, आजकालचं कापड! नवा कोरा नॅपकिन, मरून रंगाचा, मी वापरायच्या आत डाग. स्वयंपाकघरात ठेवला आणि असा झाला. तुमच्या मिलच्या वेळी असं नव्हतं."

गिरणीचं नाव निघताच गोपीनाथरावांनी नॅपकिन हातात घेतला. त्यावर दोन फिकट कडी होती, रुपयापेक्षा थोडी मोठी, अगदी गोल. एक कडं पुसट गुलाबी. दुसरं जवळजवळ पांढरं. त्यांनी नॅपकिन उजेडात धरला, उलटा केला, आणि हा माझ्याकडे राहू दे म्हणत घडी घालून खिशात टाकला.

तेवढ्यात निशांत कामावरून आला. निळा युनिफॉर्म, हातात हेल्मेट. तीन वर्षांपूर्वी हेच मेडिकल द्यायला तो गेला होता आणि पाच मिनिटांत बाहेर आला होता, कारण त्याला लाल-हिरव्यातला फरक कळत नव्हता. आयुष्यभर कळत नव्हता, पण कळत नाही हे त्या दिवशी कळलं. आता तो पॅकिंग सुपरवायझर होता.

"निशांत, डबी तू नेतोस?"

"हो काका. आई पिशवीत भरून देते, मी देऊन टाकतो. उघडून पण नाही बघत. काय झालं?"

"दादा," सुरभी दारातून म्हणाली, "डबी बदललीस तू?"

निशांत तिच्याकडे वळला.

"काय?"

"झाकणावर माझं नाव नव्हतं. दोन्ही वेळा. तुझ्याशिवाय हातात कुणाच्या होती? तुला नाही मिळालं म्हणून मलाही नको, असंच ना?"

निशांतने हेल्मेट खाली ठेवलं. तो काही ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "दोन वर्षं तुझ्या ट्यूशनच्या पोरांना गाडीवर मीच सोडून राहिलो होतो, सुरू," तो म्हणाला. "आणि आईसाठी सियागंज बाजारातून पाच-पाच लिटरचे कॅनही मीच उचलून आणतो. महिन्यात दोनदा. सगळी हमाली करायला निशांत, आणि चोर पण निशांत. वाह!"

तो बाहेर निघून गेला. गोपीनाथराव मात्र एकाच शब्दापाशी थांबले होते.

"मंजिरी," त्यांनी विचारलं, "कॅन कसले गं?"

४. तीन कामं

उत्तर ऐकून गोपीनाथराव हसले, आणि ते का हसले हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. घरी येऊन त्यांनी उरलेली जिलबी मागितली.

"सापडला वाटतं चोर," इंदिराबाई म्हणाल्या.

"चोर नाहीच. सांगून उपयोग नाही, दाखवावं लागेल. डॉक्टरच्या फायलीत माझं म्हणणं कुठे लावणार? त्याला डोळ्यांनी दिसलं पाहिजे."

"आणि त्या निशांतचं काय? पोरगं शेजारच्या कट्ट्यावर बसलंय, चहासुद्धा घेतला नाही."

गोपीनाथरावांचं हसू मावळलं. त्यांनाही तेच खुपत होतं. पोरीचं विमान तीन महिन्यांनी उडालं असतं, पण भावाबहिणीतलं हे वितुष्ट पुढे कितीतरी वर्षं घरात राहिलं असतं. ते उठून कट्ट्यावर गेले. "शनिवारी क्लिनिकला ये," ते निशांतला म्हणाले. "तुला कोणी काही बोलणार नाही, माझा शब्द."

शुक्रवारी त्यांनी तीन कामं केली. रुचीकडून दोन कोऱ्या डब्या घेतल्या आणि दोन्ही झाकणांवर तिच्याच पेनने तिच्याकडून सुरभीचं नाव लिहून घेतलं. एक डबी तशीच खिशात ठेवली. दुसरी मंजिरीच्या हातात दिली.

"उद्याच्या सॅम्पलसाठी. आधीच्या दोन वेळी जशी ठेवलीस, अगदी तशीच ठेव. जास्त नाही, कमी नाही. आणि सकाळी रिकामीच माझ्याकडे दे."

"रिकामी?"

"रिकामी. बाकी मी बघतो."

शनिवारी सकाळी मंजिरीने डबी पिशवीतून आणून दिली. गोपीनाथरावांनी पिशवीत डोकावून पाहिलं. झाकण कोरं होतं.

५. दोन डब्या

डॉक्टर अर्पित तरुण होते, कामात चोख, आणि शनिवारच्या गर्दीने आधीच वैतागलेले. त्यांच्या खोलीत वाबळ्यांचं अख्खं घर उभं राहिलेलं पाहून ते म्हणाले, "अंकलजी, पाच मिनिटं. बस."

"पाच खूप झाली." गोपीनाथरावांनी दोन्ही डब्या टेबलावर ठेवल्या. एकीवर सुरभीचं नाव, दुसरी कोरी. त्यांनी बाटलीतून दोन्हींत पारदर्शक काहीतरी ओतलं. "डॉक्टरसाहेब, पट्टी तुम्हीच बुडवा. माझा हात नको."

डॉक्टरांनी पहिल्या डबीत पट्टी बुडवली. अर्धं मिनिट झालं. साखरेचा निळसर चौकोन निळसरच राहिला.

मग दुसरी पट्टी कोऱ्या डबीत.

सगळे वाकून बघत होते. निशांत मागे, भिंतीला टेकून. चौकोन हिरवा व्हायला लागला. हिरव्याचा तपकिरी होत गेला.

"बदलला का?" निशांतने हळूच विचारलं. "सांगा ना कोणीतरी. मला नाही कळत."

कुणी बोलायच्या आत सुरभी वळली. गेल्या दोन दिवसांत ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. "बदलला, दादा," ती म्हणाली. "आधी हिरवा झाला. आता तपकिरी होतोय. तुझ्या बुटांसारखा."

"तीन प्लस," डॉक्टर म्हणाले. "हे सॅम्पल कुणाचं आहे?"

"नर्मदामैयाचं," गोपीनाथराव म्हणाले. "आमच्या घरच्या नळाचं पाणी आहे. दोन्हींत तेच."

जयसिंगरावांनी मिशीवरचा हात काढला. "पाण्याला शुगर?"

"पाण्याला नाही, डबीला. सांगतो." गोपीनाथरावांनी खिशातून मरून नॅपकिन काढून टेबलावर पसरला. "सगळे म्हणाले, डबी बदलली, कारण झाकणावर नाव नव्हतं. पण डबी बदलणारा माणूस सगळ्यात आधी काय करेल? नवीन झाकणावर नाव लिहील! कोरं झाकण पुढे करणारा चोर मी तरी पाहिला नाही. शिवाय आजोबांच्या मागच्या महिन्याच्या रिपोर्टात लघवीत साखर शून्य आहे, गोळ्या लागू पडल्यात. ती डबी त्यांची असती, तरी तीन प्लस आलं नसतं. म्हणजे डबी तीच होती, नाव उडालं होतं. निळी शाई ठिपकासुद्धा न ठेवता उडते कशाने? आणि नव्या नॅपकिनवर डबीच्या तोंडाएवढं गोल कडं उठतं कशाने? एक पुसट, एक पांढरं. एक प्लस, तीन प्लस."

त्यांनी कड्यावर बोट ठेवलं. "पंचवीस वर्षं हेच डाग बघितलेत मी. ब्लीच. नाक शाबूत असतं तर परवा तुमच्या घरीच कळलं असतं."

डॉक्टरांनी पट्टी पुन्हा उजेडात धरली. "ब्लीच राहिलं डबीत तर पट्टी साखर दाखवते, हे बरोबर आहे," ते सावकाश म्हणाले. "शिकलो होतो. पण लॅबची सीलबंद डबी ब्लीचने धुणार कोण?"

आता सगळे मंजिरीकडे बघत होते. मंजिरी स्वतःच्या हातांकडे बघत होती.

"किती लोकांचे हात लागलेले असतात त्याला," ती म्हणाली. "मी रात्रभर ब्लीचच्या पाण्यात बुडवून ठेवायची. झाकणासकट. मग सकाळी नॅपकिनवर उपडी."

"खंगाळली नाही?" रुचीने विचारलं.

"कशी खंगाळणार? नळाचं पाणी लागलं असतं ना! टाकी कधी धुतली कोणाला माहीत. केलेलं साफ पुन्हा खराब झालं असतं." तिने पदर तोंडाला लावला. "आणि पहिला रिपोर्ट खराब आला तेव्हा मला वाटलं, डबी नीट साफ झाली नसणार. म्हणून दुसऱ्यांदा ब्लीच दुप्पट घातलं."

मग जयसिंगराव हसले. घोडदळातलं हसू होतं ते, खिडकीची काच थरथरली. डॉक्टरही हसले. मंजिरी रडत होती आणि तीही मध्येच हसायला लागली.

सुरभीने तिथेच, रुचीने नुकतंच सील फोडलेल्या डबीत सॅम्पल दिलं. पट्टी निळसरच राहिली. डॉक्टरांनी फायलीत आधीच्या दोन रिपोर्टांचं कारण लिहिलं, दोन्ही पट्ट्या त्यालाच चिकटवल्या आणि खाली सही केली.

बाहेर येताना सुरभी निशांतच्या गाडीपाशी थांबली. "दादा, मी जे बोलले—"

"बस गाडीवर. तुझ्यामुळे माझा हाफ-डे लागून राहिलाय."

"आधी माफी तर मागू दे!"

"मागायची असेल तर नंतर वरून माग," तो म्हणाला. "विमानातून. मी फॅक्टरीच्या गच्चीवर येऊन ऐकीन."

६. सर्टिफिकेट

रविवारी सर्टिफिकेट संगणकावर आलं. निशांतने ते छापून आणलं आणि त्याच्यासोबत एक जाड वही. काळं पुठ्ठ्याचं कव्हर, आत उड्डाणाचे तास लिहायचे रकाने. तीन वर्षांपूर्वी मेडिकलच्या आदल्या दिवशी त्याने स्वतःसाठी घेतली होती. सगळी पानं कोरी होती.

"घे. जागा तुझी, वही माझी," तो म्हणाला. "भरून परत कर."

सुरभीने वही छातीशी धरली आणि मग पहिलं कोरं पान उघडलं.

वाबळ्यांच्या बैठकीत त्या सकाळी पोहे होते, शेव होती, आणि पंधरा दिवसांचा उपास सोडायला भरपूर जिलबी. गोपीनाथराव आणि इंदिराबाई मानाच्या खुर्च्यांवर होते. सर्टिफिकेट हातोहात फिरत होतं. जयसिंगरावांनी चष्मा लावून ते मोठ्याने वाचलं, 'फिट' हा शब्द दोनदा वाचला आणि म्हणाले, "घोड्यावर बसायलाही हेच लागतं म्हणा." एवढी शरणागती त्यांच्याकडून पुरे होती.

मंजिरी मात्र दारातच उभी होती, हात मागे बांधून.

"आई, बघ ना."

"इथूनच दिसतंय गं. मी हात नाही लावत. माझ्या हाताने आधीच दोन रिपोर्ट बिघडलेत."

सुरभी उठली. तिच्या बोटांना जिलबीचा पाक होता. आईचे दोन्ही हात तिने पाठीमागून ओढून पुढे घेतले आणि त्यात तो कागद ठेवला, तसाच, चिकट बोटांनी. कोपऱ्यावर पाकाचा स्पष्ट ठसा उठला.

मंजिरीने ठशाकडे पाहिलं. तिचा एक हात सवयीने पदराकडे गेला, पुसायला. मग तो मध्येच थांबला.

"राहू दे," ती म्हणाली आणि कागद तसाच छातीशी धरला.

गोपीनाथरावांनी नवी जिलबी उचलली. आजूबाजूला सगळे म्हणत होते की तुपाचा काय खमंग वास सुटलाय. त्यांना वास आला नाही, पण यावेळी त्यांना त्याचं काही वाटलं नाही.